पृथ्वीवर नक्की पाणी किती? लिंबू, मोहरी आणि रव्याचा कण

भीमाकाठ
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, पहिल्यांदाच धागा काढतेय. मी उजनी धरणाच्या फुगवट्याजवळच्या एका गावात सातवीला विज्ञान शिकवते. पुस्तकात वाक्य असतं की पृथ्वीचा ७१ टक्के भाग पाण्याने व्यापलाय, आणि दरवर्षी एखादं तरी पोरगं विचारतंच, बाई मग आपल्याकडं टँकर का येतो. मी आपलं सांगते की ते पाणी खारं आहे रे. पण यंदा ठरवलं की या ७१ टक्क्याचा नीट हिशोब करून दाखवायचा, कारण तो आकडा क्षेत्रफळाचा आहे, पाणी किती ते त्यातून कळतच नाही. ताटात सांडलेलं पाणी अख्खं ताट व्यापतं पण गोळा केलं तर घोटभर भरतं, तसं.

शाळेत ३० सेमी व्यासाचा पृथ्वीगोल आहे. समुद्राची सरासरी खोली साधारण ३.७ किमी धरली तर या गोलावर समुद्र ०.०९ मिमी जाडीचा होतो, म्हणजे साधारण वहीच्या कागदाएवढा. मग सगळं पाणी, समुद्र बर्फ भूजल ढग सगळं धरून, एकत्र गोळा केलं तर किती? १३८.६ कोटी घनकिलोमीटर, त्याचा चेंडू केला तर व्यास होतो १३८५ किमी, आपल्या गोलाच्या मापात सव्वातीन सेमी. एक लहान लिंबू. मी खरंच लिंबू ठेवलं गोलाशेजारी आणि वर्ग एकदम गप्प झाला.

त्यातलं गोडं पाणी फक्त अडीच टक्के, बर्फासकट. तो झाला काबुली चणा. चण्यातून बर्फ काढला की उरतो वाटाणा, आणि तो जवळजवळ सगळा जमिनीखालचा. जगातली सगळी गोडी तळी आणि नद्या मिळून मोहरीचा एक दाणा. आणि नुसत्या नद्या, ॲमेझॉन गंगा ब्रह्मपुत्रा नाईल भीमा सगळ्या, मिळून २१२० घनकिमी, म्हणजे बारीक रव्याचा एक कण. तो कण मला बोटावर नीट दाखवताही येईना, शेवटी काळ्या कागदावर ठेवला.

दोन गोष्टी हव्या आहेत तुमच्याकडून. एक, काही चुकलं असेल तर सांगा, मुलांना चुकीचं जायला नको. दोन, घनकिलोमीटर म्हणजे काय हे मुलांना कळत नाही (मलाही पटकन डोळ्यासमोर येत नाही), दुसरं काही माप सुचवा.

टीएमसीवाले काका
ताई, धागा फार आवडला. मी पाटबंधारे खात्यात ३१ वर्षं काढली, आता निवृत्त. आपल्या लोकांना पाणी टीएमसीतच (अब्ज घनफुटांत) कळतं, कारण ऑगस्टात रोज पेपरात तेच वाचतो आपण. एक घनकिमी म्हणजे एक लाख कोटी लिटर, म्हणजे ३५.३ टीएमसी. कोयना पूर्ण भरली की साधारण १०५ टीएमसी, म्हणजे जेमतेम ३ घनकिमी. तेव्हा "कोयना" हेच माप धरा, मुलांनी धरण पाहिलेलं नसलं तरी नाव तरी ऐकलेलं असतं.

मग तुमचा हिशोब असा लागतो. पृथ्वीवरचं एकूण पाणी सुमारे ४६ कोटी कोयना. आणि नद्यांचा तो रव्याचा कण म्हणजे फक्त ७०० कोयना. अख्ख्या जगातल्या नद्या ७०० कोयनात मावतात हे मी स्वतः दोनदा ताडून बघितलं, बरोबरच येतंय.

अजून एक. जगात ८०० कोटी लोक धरले तर एकूण पाण्यातून प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ६ टीएमसी येतात, माणशी एक मध्यम धरण. पण नद्यांतलंच पाणी वाटायला घेतलं तर माणशी २ लाख ६५ हजार लिटर, १० हजार लिटरचे २६ टँकर. हे दोन आकडे फळ्यावर शेजारीशेजारी लिहा.

माणदेशी
७०० कोयना? काका माफ करा पण हे काय पटत नाय. एकट्या ॲमेझॉनला म्हणे समुद्रावानी पाणी असतं, पल्याड काठ दिसत नाही, मग सगळ्या जगाच्या नद्या मिळून एवढंच कसं?

टीएमसीवाले काका
शंका रास्त आहे. आकडा खरा आहे पण तो एका क्षणाचा आहे. एसटी स्टँडवर दुपारी तीनला फोटो काढला तर पाचशे माणसं दिसतील, पण दिवसभरात तिथनं पन्नास हजार गेलेली असतात. नदीचं तसंच. या घटकेला पात्रात किती आहे ते २१२० घनकिमी, आणि वर्षभरात जमिनीवरनं समुद्राकडं किती वाहून जातं ते सुमारे ४० हजार घनकिमी. म्हणजे जगातल्या नद्यांचं पाणी दोन-तीन आठवड्यांत पूर्ण बदलतं. ॲमेझॉनचा सरासरी विसर्ग सेकंदाला २ लाख घनमीटरच्या आसपास आहे, आपल्या भाषेत ७० लाखांहून जास्त क्यूसेक (सेकंदाला घनफूट). त्या नदीखाली कोयना धरली तर चार तासांत भरेल. पुराच्या वेळी एक लाख क्यूसेक सोडलं तरी खालच्या गावांत आम्ही रात्रभर जागे असायचो, त्यामुळे ७० लाख हा आकडा मला अजून डोळ्यासमोर आणता येत नाही.

माणदेशी
आता समजलं. म्हणजे साठा वेगळा आन आवक वेगळी. आमच्याकडं पण हेच की, विहिरीत पाणी किती यापेक्षा झरा किती चालतो ते बघत्यात.

सानिका_क
वाचतेय. लिंबू चणा वाटाणा मोहरी रवा हे घरी पोरांसोबत करून बघितलं आत्ताच, गोल नव्हता म्हणून मोठा चेंडू घेतला. खूप छान धागा ताई.

अवांतर: जगातली तळी मोहरीएवढी म्हणताय त्यात बायकल सरोवर पण आलं का? त्याच्याबद्दल फार ऐकलंय.

भीमाकाठ
हो सानिका, आलं की. सैबेरियातलं बायकल एकटंच २३,६०० घनकिमी आहे, काकांच्या मापात जवळपास ८ हजार कोयना, खोली १६४२ मीटर. जमिनीवरचं जेवढं गोडं द्रव पाणी आहे त्याचा पाचव्या हिश्श्याहून जास्त भाग त्या एका तळ्यात आहे. म्हणजे जगातल्या सगळ्या नद्यांच्या अकरापट. त्या मोहरीचा पाव भाग बायकलच म्हणा ना. हे वाचल्यापासून मला नकाशात ती बारीकशी निळी रेघ वेगळीच दिसायला लागलीय.

आणि आपल्या डोक्यावरच्या हवेत वाफ आणि ढग मिळून सुमारे १२,९०० घनकिमी असतं, नद्यांच्या सहापट! पण ते अख्ख्या पृथ्वीवर सारखं पसरून पाडलं तर अडीच सेमीचा एकच पाऊस. वर्षभरात पृथ्वीवर सरासरी मीटरभर पाऊस पडतो म्हणजे हवेतलं पाणी वर्षातून चाळीसेक वेळा रिकामं होऊन पुन्हा भरतं, नऊ-दहा दिवसांनी एकदा. पाण्याच्या एका थेंबाला हवेत नऊ दिवस आणि समुद्रात गेला की हजारो वर्षं.

प्रवासी_पक्षी
व्हॉट्सॲपवर सारखं फिरतं की पृथ्वीच्या पोटात समुद्राच्या तिप्पट पाण्याचा महासागर सापडलाय, ते तुमच्या लिंबात धरलंय का? खरं असेल तर लिंबाचं मोसंबंच होईल ना.

स्फटिक
हे माझ्या आवडीचं (भूशास्त्र शिकलोय, नोकरी दुसरीच करतो). ते पाणी लिंबात धरलेलं नाही आणि धरूही नये, कारण तो महासागर नाहीच. बातमी ज्या शोधावरून फिरते तो २०१४ चा आहे. ब्राझीलमधल्या जुइना भागातल्या एका छोट्या हिऱ्यात रिंगवुडाईट नावाच्या खनिजाचा बारीक कण अडकलेला सापडला. हे खनिज पृथ्वीच्या पोटात ४१० ते ६६० किमी खोलीच्या पट्ट्यात तयार होतं, आणि त्या कणात वजनाच्या साधारण दीड टक्का पाणी होतं. तो सगळा पट्टाच तसा भिजलेला असेल तर पाणी समुद्रांएवढं किंवा जास्तही भरेल, पण हा "असेल तर" महत्त्वाचा, कण एक आणि पट्टा पृथ्वीभर.

आणि भिजलेला म्हणजे ओला नाही. तुरटीचा खडा आठवा. हाताला कोरडा ठणठणीत. पण आजी तव्यावर तुरटीची लाही करायची तेव्हा तो खडा वितळून बुडबुडे यायचे आणि वाफ निघून पांढरी पोकळ लाही उरायची, ती वाफ म्हणजे तुरटीच्या स्फटिकात बांधलेलं पाणी, वजनाच्या जवळजवळ ४५ टक्के. खाली खडकात तर पाण्याचा रेणूसुद्धा अख्खा नसतो, हायड्रोजन खनिजातल्याच ऑक्सिजनला चिकटून जाळ्यात गुंतलेला असतो. तिथं ना लाटा ना झरे, आणि तिथपर्यंत बोअर मारता येणार नाही, माणसाने आजवर केलेलं सगळ्यात खोल छिद्र १२ किमीच्या थोडंसं वर आहे. प्रवासीभाऊ तो मेसेज आला की पुढे पाठवू नका ही विनंती, कारण आमच्या गावात एक जण तो दाखवून "खाली पाणी आहेच, अजून शंभर फूट जाऊ" म्हणत बोअर खोल करत गेला आणि कर्जात गेला.

बोअर_बीड
शेवटच्या वाक्याला +१०००. माझाच प्रसंग सांगतो. २०१५ ला पहिलं बोअर ४५० फूट, कोरडं. दुसरं ६८०, फुफाटा. तिसरं ८५० ला थोडं पाणी लागलं आणि दोन उन्हाळ्यांत आटलं. मशीनवाला प्रत्येक वेळी म्हणायचा खाली नदी वाहतेय. ताई म्हणतात तो वाटाणा जमिनीखाली आहे हे बरोबर, पण तो आमच्या जमिनीखाली का नाही हे कोणीतरी समजावून सांगा, मी खरंच विचारतोय.

स्फटिक
दादा वाईट वाटलं वाचून. समजावतो. जमिनीखाली पाणी तळ्यासारखं भरलेलं नसतं, खडकाच्या भोकांत आणि भेगांत असतं. गंगेच्या मैदानात खाली शेकडो मीटर वाळू आणि गाळ आहे. वाळूच्या भांड्यात पाणी ओतलं की भरपूर मावतं. आपल्याकडं दख्खनचा काळा पाषाण, ज्वालामुखीच्या लाव्हाचे थरावर थर. या बेसाल्टच्या शंभर भागांतून एक ते तीन भागच पाणी बाहेर काढता येतं, वाळूत तेच दहा ते वीस भाग. त्यातही वरचा मुरूम, भेगाळलेला खडक, दोन थरांमधला लाल गेरू आणि मांजऱ्या (लाव्हातल्या बुडबुड्यांच्या खुणा असलेला खडक) एवढ्यातच जे काय असेल ते. खाली जाल तसं वरच्या वजनाने भेगा मिटत जातात. म्हणून ८५० फुटाला लागलेलं पाणी बहुतेक वेळा एखाद्या भेगेत वर्षानुवर्षं साचलेलं असतं, ते एकदा उपसलं की पावसाचं पाणी तिथवर पोचायला फार काळ लागतो.

आणि एकूण आकडाही फसवा आहे. जगात भूजल २.३४ कोटी घनकिमी, पण त्यातलं निम्म्याहून जास्त खारं किंवा मचूळ. २०१५ साली एक मोठा अभ्यास आला होता, जमिनीच्या वरच्या दोन किमीतल्या भूजलापैकी ६ टक्क्यांहूनही कमी पाणी गेल्या ५० वर्षांत मुरलेलं आहे. बाकीचं आपल्या आज्या-पणज्यांच्याही आधीचं. म्हणजे माणसाच्या एका आयुष्यात परत भरून येणारं भूजल एवढंच.

बोअर_बीड
धन्यवाद स्फटिक. एवढं साधं कोणी सांगितलं नव्हतं. २०१५ ला माहीत असतं तर पहिल्या बोअरनंतर थांबलो असतो आणि तेच पैसे शेततळ्यात घातले असते.

गणितप्रेमी
उपशावरून दोन आकडे देतो. ग्रेस नावाची उपग्रहांची जोडी होती, एकामागे एक सुमारे २२० किमी अंतरावरून उडायची. जमिनीत पाणी जास्त असलं की तिथलं गुरुत्वाकर्षण किंचित वाढतं आणि दोघांतलं अंतर केसाएवढ्यापेक्षाही कमी बदलतं, तेवढं मोजून जमिनीखालचं पाणी घटलं की वाढलं ते कळतं. २००९ ला त्यावरून निघालं की राजस्थान पंजाब हरियाणा दिल्ली या पट्ट्यात ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ मध्ये १०९ घनकिमी भूजल कमी झालं. काकांच्या मापात ३६ कोयना, सहा वर्षांत, आणि त्या काळात पाऊस काही फार कमी नव्हता.

दुसरं, २०२३ चा अभ्यास. १९९३ ते २०१० या काळात जगभर उपसून शेवटी समुद्रात गेलेलं भूजल अंदाजे २१५० गिगाटन, म्हणजे २१५० घनकिमी. पाणी एका जागेवरून दुसरीकडे गेल्याने पृथ्वीचा ध्रुव जवळजवळ ८० सेमी सरकला असा तो निष्कर्ष. आता ताईंचा नद्यांचा आकडा बघा, २१२०. सतरा-अठरा वर्षांत आपण जमिनीखालून जगातल्या सगळ्या नद्यांत या क्षणाला आहे तेवढं पाणी वर काढून समुद्राला देऊन टाकलं. मी हे दोन आकडे आज पहिल्यांदा शेजारी ठेवून पाहिले.

भीमाकाठ
बाप रे. रव्याचा अख्खा एक कण.

आखातातून
मी गेली १४ वर्षं दुबईत आहे. तुम्ही सगळे गोड्या पाण्याचं बोलताय पण लिंबाचा ९६.५ टक्के भाग समुद्र आहे, तो का सोडायचा? इथे नळाला येणारं पाणी समुद्राचंच, गोडं केलेलं. चेन्नईजवळ पण १०० एमएलडीचे (दिवसाला १० कोटी लिटर) प्रकल्प आहेत. आपल्याला शेकडो किमी किनारा आहे, मग मराठवाड्याला का नाही देता येणार?

टीएमसीवाले काका
तळमळ कळते. पण खर्च बघा. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ, ते पडद्यातून दाबून काढायला हजार लिटरला ३ ते ४ युनिट वीज लागते. दुबई किनाऱ्यावरच आहे. लातूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटर उंच, हजार लिटर तेवढं वर चढवायला नुसत्या हिशोबानेच दीड युनिट, पंपाची आणि नळातली घट धरून दोनाच्या वर, शिवाय मधे सह्याद्री आणि शेकडो किमीचा नळ. प्यायला ठीक, किनाऱ्यावरच्या शहरांना तर नक्कीच करावं असं माझंही मत आहे, म्हणजे धरणांवरचा त्यांचा भार कमी होईल. पण जगात माणूस वापरतो त्यातलं ७० टक्के पाणी शेतीला जातं आणि उसाला या भावाचं पाणी कोण देणार?

वाहतुकीचं एकच उदाहरण. २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेलं, ५० वाघिणींत २५ लाख लिटर. त्या पाण्याने लोक जगले, त्याचं मोल मोठं आहे. पण एक टीएमसी भरायला तशा ११ हजारांवर फेऱ्या लागतील. पाणी फार जड वस्तू आहे हो, हे धरणावर काम केलेल्याला विचारा.

आखातातून
मान्य काका. उंचीचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. किनाऱ्यावरच्या शहरांबद्दल मात्र ठाम आहे.

सानिका_क
माझ्या मुलाचा प्रश्न, पृथ्वीवरचं पाणी कमी होतंय का? आणि डायनासोर प्यायले तेच पाणी आपण पितो हे खरं का?

स्फटिक
छान प्रश्न आहेत. वरच्या हवेतून हायड्रोजन अवकाशात निसटतो, सेकंदाला साधारण ३ किलो. पाण्यात हिशोब केला तर वर्षाला ०.०३ टीएमसी, एखादा पाझर तलाव म्हणा. ४६ कोटी कोयनांपुढे काहीच नाही, तेव्हा त्याला सांगा की काळजी नको. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समधले ४४० कोटी वर्षं जुने झिरकॉन खनिजाचे कण सांगतात की तेव्हाच पृथ्वीवर पाणी होतं. ते आलं कुठून यावर वाद आहे, आधी धूमकेतूंवर भिस्त होती पण २०१४ ला रोझेटा यानाने ६७पी धूमकेतूचं पाणी तपासलं तर त्यात जड हायड्रोजन आपल्या समुद्राच्या तिप्पट निघाला, त्यामुळे आता अशनींकडे आणि पृथ्वी ज्या खडकांपासून बनली त्यांच्याकडे जास्त बघतात.

डायनासोरचं अर्धं खरं. साठा तोच, पण रेणू तेच नाहीत. पाण्याचे रेणू सतत एकमेकांत हायड्रोजनची अदलाबदल करत असतात आणि झाडं पाणी फोडून ऑक्सिजन सोडतात, श्वासात नवं पाणी तयार होतं. तोच रेणू टिकून आलाय असं म्हणता येत नाही.

भीमाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार, सोमवारी वर्गात हे सगळं घेणार आहे. एक मला स्वतःला सुचलं ते लिहिते, काका चूक असेल तर सांगा. आमचं उजनी एकूण ११७ टीएमसी, पण त्यातलं ६३ मृतसाठा आणि उपयुक्त ५३ च्या आसपास. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ५० टक्क्यांच्याही खाली होतं (म्हणजे मृतसाठ्यातलंही पाणी काढलं होतं), तरी काठावर उभं राहिलं की समोर पाणी दिसायचंच, आणि गावात नळाला पाचव्या दिवशी. मुलांना हे आकडे तोंडपाठ असतात. तर लिंबू म्हणजे पृथ्वीचा एकूण साठा, समुद्र बर्फ आणि खोल भूजल हा मृतसाठा, आणि उपयुक्त साठा म्हणजे दरवर्षी पावसाने जे नव्याने येतं ते. असं सांगितलं तर चालेल ना?

टीएमसीवाले काका
चालेल काय, असंच सांगा. एवढीच भर घाला की मृतसाठा हा शब्द आपल्या वापरापुरता. समुद्र आहे म्हणून वाफ आहे, वाफ आहे म्हणून मॉन्सून, आणि भारतावर वर्षाला पडणारं साधारण ४००० घनकिमी पाणी त्याच साठ्यातून येतं. उजनीतही मृतसाठ्यात मासे असतातच की.

माणदेशी
ताई आमच्या शाळंतला गोल लहान आहे, २० सेमीचा. त्याला लिंबू चालंल का?

भीमाकाठ
नाही दादा, मोठं होईल. २० सेमीला एकूण पाणी २.२ सेमी, म्हणजे सुपारी घ्या. बर्फासकट गोडं पाणी साडेसहा मिमी, तिथे वाटाणा. बर्फ सोडून सव्वाचार मिमी, मुगाचा दाणा. तळी आणि नद्या खसखशीचा दाणा. आणि नुसत्या नद्या पाव मिमी, त्याला रवा मोठा पडतो, रांगोळीचा एक कण घ्या आणि खाली काळा कागद ठेवायला विसरू नका, नाहीतर मागच्या बाकावरून दिसत नाही.